झडप आणि पिस्टन यांमधलें अंतर



मोटारीच्या इंजिनाची गोष्ट निघाली कीं बहुधा त्याच्या वेगाची, आवाजाची किंवा पेट्रोलच्या खर्चाची चर्चा होते. परंतु त्या इंजिनाच्या पोटांत दोन भाग असे आहेत कीं, ते मिनिटाला हजारों वेळां एकमेकांच्या अगदीं जवळ येतात आणि एकमेकांना न शिवतां परत फिरतात. त्यांपैकीं एक पिस्टन, आणि दुसरी झडप. कारागीर लोक जिला व्हॉल्व्ह म्हणतात ती. कारखान्यांतून आलेल्या इंजिनांत या दोहोंमधलें अंतर रचनाकारांनीं हिशेबानें राखलेलें असतें. मालकाला त्याची आठवणही ठेवावी लागत नाहीं. पण शक्ति वाढविण्याच्या हौसेनें कोणी इंजिनांतला एखादा भाग बदलला, कीं तो जुना हिशेब तेथेंच संपतो. मग नवा हिशेब करणें हें बदल करणाराचें कर्तव्य होय. तो कसा करावा, आणि न केल्यास काय होतें, हें आज मी आपणांस सांगणार आहें.

माझें आयुष्य शाळेंत गणित व शास्त्र शिकविण्यांत गेलें. हातांत पाना धरून पोट भरणारांपैकीं मी नव्हे. तथापि माझे कांहीं विद्यार्थी त्या धंद्यांत शिरले, आणि त्यांच्या कारखान्यांत बाकावर बसून जें मीं पाहिलें, तें फळ्यावरच्या भूमितीशीं किती तंतोतंत जुळतें, याचें मला नेहमींच कौतुक वाटत आलें आहे.

प्रथम इंजिनाची चाल थोडक्यांत पाहूं. सिलिंडर म्हणजे एक गुळगुळीत नळकांडें. त्यांत पिस्टन खालींवर सरकतो, आणि कनेक्टिंग रॉड नांवाच्या दांड्यानें तो खालच्या क्रँकशाफ्टला जोडलेला असतो. नळकांड्यावरच्या झांकणाला हेड म्हणतात, व त्या हेडांत झडपा बसविलेल्या असतात. एक झडप हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत घेते, दुसरी जळलेला धूर बाहेर सोडते. उघडतांना झडप सिलिंडरांत खालीं उतरते, हें विशेष ध्यानांत ठेवावें. कॅमशाफ्टवर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. फिरतांना ते झडपेला ढकलून उघडतात, आणि स्प्रिंग तिला परत ओढून मिटविते. पिस्टनच्या खेपा चार: मिश्रण ओढून घेणें, तें दाबणें, तें पेटल्यावर त्याच्या जोरानें खालीं जाणें, आणि शेवटीं धूर बाहेर ढकलणें. या चार खेपांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात आणि कॅमशाफ्टचा एक.

आतां चौथी खेप संपून पहिली सुरू होते, त्या क्षणाकडे लक्ष द्यावें. पिस्टन धूर ढकलीत वर येत असतो. धुराची झडप अद्याप पुरती मिटलेली नसते. कारण वेगानें निघालेल्या धुराला शेवटपर्यंत वाट मिळावी अशी योजना असते. त्याच वेळीं मिश्रणाची झडप उघडूं लागलेली असते. म्हणजे पिस्टन आपल्या सर्वांत उंच ठिकाणीं असतांना दोन्ही झडपा थोड्या थोड्या खालीं उतरलेल्या असतात. टक्कर व्हावयाची ती येथेंच होते.

हा प्रश्न सर्व इंजिनांत नसतो. १९३२ सालीं फोर्ड कंपनीनें आठ सिलिंडरांचें जें स्वस्त इंजिन बाजारांत आणलें, त्यांत झडपा सिलिंडरच्या डोक्यावर नसून बाजूला होत्या. पिस्टन आपल्या नळकांड्यांत आणि झडपा शेजारच्या कोनाड्यांत, अशी ती व्यवस्था असल्यामुळें दोघांची गांठ पडणें शक्यच नव्हतें. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर गाड्या पळविण्याचा छंद त्या काळीं तरुणांत पसरला होता. १९३७ सालीं त्यांची सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्थाही स्थापन झाली. या मंडळींपैकीं अनेकांचें आवडतें इंजिन तें फोर्डचेंच होतें. पुढें १९५५ सालीं शेव्हरोले कंपनीनें डोक्यावर झडपा असलेलें आपलें आठ सिलिंडरांचें इंजिन काढलें. तें आकारानें लहान, किमतीनें बेताचें आणि सुधारणेला सोयीचें निघालें. त्यांत नवे कॅमशाफ्ट, नवीं हेडें आणि नवे पिस्टन घालण्याचा जणूं एक व्यवसायच उभा राहिला, आणि झडप व पिस्टन यांमधलें अंतर मोजणें हें हौशी माणसाच्याही नित्याच्या कामांत येऊन बसलें. म्हणून आपलें उदाहरण याच इंजिनाचें घेऊं.

या विषयांत पुष्कळांची एक चुकीची समजूत असते. नव्या कॅमशाफ्टच्या जाहिरातींत झडप किती उघडते, म्हणजे जास्तींत जास्त किती खालीं उतरते, तो आंकडा ठळक छापलेला असतो. जुनी झडप दहा मिलिमीटर उतरत होती, नवी साडेबारा उतरणार. तेव्हां धोका अडीच मिलिमीटरांनीं वाढला, असा सरळ हिशेब लोक करतात. तो बरोबर नाहीं. मिश्रणाची झडप पूर्ण उघडते ती पिस्टन शिखरावर असतांना नव्हे. क्रँकशाफ्ट त्यानंतर सुमारें १०७ अंश फिरल्यावर. शेव्हरोलेच्या ३५० घनइंची इंजिनांत पिस्टनची खेप ८८.४ मिलिमीटरांची आणि कनेक्टिंग रॉडची लांबी १४४.८ मिलिमीटर आहे. त्रिकोणमितीनें हिशेब केला तर त्या वेळीं पिस्टन सुमारें ६३ मिलिमीटर खालीं गेलेला असतो. साडेबारा मिलिमीटर उतरलेली झडप त्याला गांठणार कशी?

आतां शिखराजवळचा हिशेब पाहा. क्रँकशाफ्ट शिखरापासून ५ अंश फिरला तर पिस्टन उतरतो अवघा ०.२२ मिलिमीटर. १० अंशांनंतर सुमारें ०.८७ मिलिमीटर, आणि २० अंशांनंतर सुमारें साडेतीन. कोन दुप्पट झाला कीं उतार जवळजवळ चौपट होतो. झोपाळा टोंकाशीं जाऊन क्षणभर थबकतो, तसा पिस्टनही शिखरापाशीं रेंगाळतो. झडप मात्र तितका वेळ वाट पाहत नाहीं. मोठ्या कॅमनें ती लवकर उघडलेली असते आणि पिस्टनच्या पाठोपाठ खालीं येत असते. त्यामुळें मिश्रणाच्या झडपेचें अंतर शिखर उलटल्यावर साधारण दहा अंशांच्या आसपास सर्वांत कमी होतें, आणि धुराच्या झडपेचें शिखर येण्यापूर्वीं तितक्याच अंशांवर. जाहिरातींतला ठळक आंकडा या जागेविषयीं कांहींच सांगत नाहीं. येथें इंजिनाला वांचविणारी वस्तु म्हणजे पिस्टनच्या माथ्यावर कोरलेल्या उथळ खळग्या. झडपेनें उतरावें आणि तरी शिवूं नये, एवढ्यासाठींच त्या असतात.

हें अंतर कोणकोणत्या बदलांनीं कमी होतें? कॅम मोठा केल्यानें होतें, हें उघड आहे. झडपा अधिक वेळ उघड्या ठेवणारा कॅम या बाबतींत नुसत्या उंच कॅमपेक्षां अधिक घातक ठरूं शकतो. हेड फेसिंग करून घासलें तर जितकें घासावें जवळजवळ तितकें अंतर जातें. पातळ गॅस्केट घातलें तरी तेंच. मोठ्या व्यासाच्या झडपा, उंच माथ्याचे पिस्टन, अधिक गुणोत्तराचे रॉकर, हीं सर्व त्याच यादींत येतात. कॅमशाफ्ट ठरल्याहून कांहीं अंश पुढें बसविला तर मिश्रणाच्या झडपेचें अंतर घटतें आणि धुराच्या झडपेचें वाढतें. मागें बसविला तर याच्या उलट. प्रत्येक बदल एकटा पाहिला तर क्षुल्लक वाटतो. पण तीन ठिकाणीं अर्धा अर्धा मिलिमीटर गेला, म्हणजे दीड मिलिमीटर गेला.

मोजण्याची जुनी आणि सर्वांना साधणारी रीत मातीची. मुलें खेळण्यासाठीं जी न वाळणारी रंगीत माती घेतात, तीच येथें उपयोगीं पडते. पिस्टनच्या खळग्यांवर तिची सुमारें सहा मिलिमीटर जाडीची पट्टी दाबून बसवावी. झडपेला माती चिकटूं नये म्हणून तिच्या तोंडाला तेलाचें बोट लावावें. मग पूर्वीं दाबलें गेलेलें जुनें गॅस्केट घालून हेड बसवावें, आणि त्याचे बोल्ट टॉर्क पान्यानें नेमके आवळावे. नव्या गॅस्केटची न दाबलेली जाडी धरली तर माप खोटें येतें. कॅमशाफ्ट, साखळी, रॉकर हे सर्व भाग जसे चालत्या इंजिनांत असावयाचे तसेच बसवावे. येथें एक फसगत संभवते. तेलाच्या दाबावर चालणारे जे टॅपेट असतात, त्यांत तेल भरलेलें नसेल तर स्प्रिंगच्या जोरानें ते दबतात, झडप पुरती उघडत नाहीं, आणि माती प्रत्यक्षाहून जाड राहून खोटा दिलासा देते. म्हणून मोजण्यापुरते तरी न दबणारे टॅपेट घालावे. नंतर क्रँकशाफ्ट हातानें, सावकाश, त्याच्या नेहमींच्या दिशेनें पूर्ण दोन वेळां फिरवावा. मध्यें कोठें अडल्यासारखें वाटलें तर जोर न करतां तेथेंच थांबावें. झडप टेकली असण्याचा संभव असतो. शेवटीं हेड काढून मातीवर उमटलेला झडपेचा ठसा धारदार पातीनें कापावा, आणि सर्वांत पातळ ठिकाणची जाडी व्हर्नियरनें मोजावी. ठशाच्या कडेलाही पाहावें. झडपेची कड आणि खळगीची भिंत यांमध्यें बाजूनेंही सव्वा मिलिमीटर तरी जागा असली पाहिजे.

दुसरी रीत अधिक सूक्ष्म आहे. झडपांच्या जबर स्प्रिंगा काढून त्यांच्या जागीं बोटानें दबतील अशा हलक्या स्प्रिंगा घालतात. क्रँकशाफ्टच्या टोंकाला अंशांची तबकडी लावतात, आणि पिस्टनचें खरें शिखर अगोदर निश्चित करतात. झडपेच्या वरच्या टोंकावर डायल गेजची सुई टेकवितात. मग शिखराच्या अलीकडे वीस अंशांपासून पलीकडे वीस अंशांपर्यंत दर दोन अंशांवर थांबून झडप बोटानें पिस्टनला टेकेपर्यंत दाबावयाची, आणि गेजवर किती अंतर उरलें होतें तें वहींत टिपावयाचें. दोन्ही झडपांचे आंकडे लिहून झाले कीं सर्वांत लहान आंकडा आपोआप दिसतो. मातीनें एकच जागा समजते; या वहीवरून सर्व प्रवास समजतो, आणि कॅमशाफ्ट दोन अंश मागेंपुढें केला तर काय होईल याचाही अंदाज येतो.

आतां अंतर किती असावें? जुन्या कारागिरांचा सर्वसाधारण दंडक असा कीं, मिश्रणाच्या झडपेखालीं एक इंचाचे ऐंशी हजारांश, म्हणजे सुमारें दोन मिलिमीटर, आणि धुराच्या झडपेखालीं शंभर हजारांश, म्हणजे सुमारें अडीच मिलिमीटर तरी असावें. या हजारांशाला आपल्याकडचे कारागीर ‘थाऊ’ म्हणतात. कोणत्याही विशिष्ट इंजिनाविषयीं कॅम व पिस्टन बनविणारांनीं दिलेला आंकडा अर्थातच प्रमाण मानावा. टेबलावर शिवत नाहीं एवढेंच पुरे कां नाहीं, असा प्रश्न कोणी विचारील. कारण असें कीं, आपण थंड आणि संथ इंजिन मोजतों, आणि तें चालतें तापून व वेगानें. मिनिटाला ६००० फेरे झाले तर प्रत्येक झडप सेकंदाला ५० वेळां उघडते आणि मिटते. त्या वेगांत कनेक्टिंग रॉड किंचित् ताणला जातो, धातु तापून वाढतात, पिस्टनच्या माथ्यावर काजळी सांचते. धुराच्या झडपेला अधिक जागा लागते, याला आणखी एक सूक्ष्म कारण आहे. मिश्रणाची झडप पिस्टनच्या मागें जाते, पण धुराच्या झडपेच्या मागें पिस्टन लागलेला असतो. तिला वेळेवर मिटविणारी शक्ति केवळ स्प्रिंगची. फेरे फार वाढून स्प्रिंग अपुरी पडली, किंवा साखळी झिजून कॅमशाफ्ट मागें पडला, तर तिला उशीर होतो, आणि खालून येणारा पिस्टन तिच्यासाठीं थांबत नाहीं.

टक्कर झालीच तर उत्तम म्हणजे झडपेचा दांडा वांकतो; ती बैठकीवर नीट बसत नाहीं, दाब निसटतो आणि सिलिंडर मुका पडतो. वाईट म्हणजे झडपेचें डोकेंच तुटून सिलिंडरांत पडतें. मग पिस्टन त्याला हेडावर ठेंचतो, पिस्टनला भोंक पडतें, आणि एका क्षणांत सबंध इंजिन मोडींत जातें.

अंतर अपुरें आढळल्यास उपाय आहेत. पिस्टनच्या खळग्या यंत्रावर खोल करतां येतात. मात्र माथ्याला पुरेशी जाडी उरते कीं नाहीं हें अगोदर पाहावें लागतें. थोडें जाड गॅस्केट घालतां येतें, पण त्यानें मिश्रणाचा दाब कमी होतो. कॅमशाफ्टची जागा एकदोन अंश बदलून एका झडपेकडचें अंतर दुसरीला देतां येतें. आणि चौथा उपाय, जो हौशी माणसाला रुचत नाहीं, तो म्हणजे बेताचा कॅम घेणें.

मोजणें किती सिलिंडरांचें करावें, यावर मीं प्रत्यक्ष पाहिलेली एक गोष्ट सांगतों. माझ्या एका विद्यार्थ्याच्या कारखान्यांत एका गृहस्थांचें चार सिलिंडरांचें जुनें इंजिन आलें होतें. त्यांनीं परदेशांतून कॅमशाफ्ट मागविला होता, आणि येत्या रविवारीं बंदिस्त मैदानावरील शर्यतींत गाडी उतरवावयाची होती. पहिल्या सिलिंडरांत मातीची जाडी २.१ मिलिमीटर भरली. गृहस्थ म्हणाले, “झालें तर मग! मिस्त्री, आतां बंद करा इंजिन.” विद्यार्थी म्हणाला, “साहेब, अजून तीन राहिलेत.” दुसऱ्यांत व तिसऱ्यांतही माप जवळजवळ तेंच आलें. चौथ्यांत मिश्रणाच्या झडपेखालीं माती उरली दीड मिलिमीटर. पूर्वीं केव्हां तरी त्या एका झडपेची बैठक नवी घातली होती, आणि ती वाजवीपेक्षां खालीं राहिली होती. कॅमच्या कागदावर हें कोठून असणार? गृहस्थांनीं पुष्कळ आग्रह केला, दुप्पट मजुरी देऊं केली, मग आवाजही चढविला. त्यांचेंही दुःख मला समजत होतें. महिन्यांची तयारी त्या रविवारासाठीं होती. विद्यार्थी इतकेंच म्हणाला, “इंजिन आपलें आहे, साहेब, पण जोडून दिलें म्हणजे त्यावर हात माझा लागला.” रविवार हुकला. बैठक पुन्हा कापून, झडप घासून, चारही मापें जुळल्यावर इंजिन बंद झालें. त्या आठवड्यांत त्या कारखान्याला मिळालेली मजुरी साधीच होती. माझ्या वर्गांत या मुलाला गणितांत कधीं पहिला नंबर मिळाला नव्हता; पण चारांपैकीं तीन उत्तरें बरोबर आलीं म्हणून चौथें बरोबर धरूं नये, हें त्याला माझ्या पुष्कळ हुशार मुलांहून चांगलें कळलें होतें.

या छंदाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. आपल्या देशांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतला तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाहून निराळा होईल असा बदल रस्त्यावरच्या गाडींत मालकाला करतां येत नाहीं. शक्ति वाढविण्याचे असले प्रयोग शर्यतीच्या मैदानावर शोभतात. मात्र जुनी गाडी मूळ स्वरूपांत दुरुस्त करतांनाही हेड घासलें जातें, झडपा आणि बैठका बदलल्या जातात. तेव्हां हें मोजमाप तेथेंही टळत नाहीं.

आपल्यापैकीं बहुतेकांना इंजिनांत कांहीं बदलावयाचें नसेल. तरीही या विषयाचा संबंध आपल्या दारांतल्या गाडीशीं पोंचतो. आजच्या कित्येक इंजिनांत कॅमशाफ्ट फिरविण्यासाठीं साखळीऐवजीं दातेरी रबरी पट्टा असतो. त्यांपैकीं पुष्कळ इंजिनें, विशेषतः डिझेलचीं, अशीं रचलेलीं असतात कीं, पट्टा आहे तोंवरच झडपा आणि पिस्टन यांचा मेळ राहतो. धांवतांना पट्टा तुटला तर कॅमशाफ्ट जागच्या जागीं थांबतो, कांहीं झडपा उघड्याच राहतात, आणि गाडीच्या वेगानें फिरणारे पिस्टन त्यांवर जाऊन आदळतात. पट्टा बहुधा पूर्वसूचना देत नाहीं. म्हणून गाडीसोबत मिळालेली पुस्तिका कपाटांतून काढून आपल्या इंजिनांत पट्टा आहे कीं साखळी हें पाहावें. पट्टा असल्यास किती किलोमीटरांनीं किंवा किती वर्षांनीं तो बदलावा हेंही तेथें दिलेलें असतें. दोहोंपैकीं जी मर्यादा आधीं येईल ती पाळावी. गाडी थोडी चालते म्हणून वर्षांची मर्यादा विसरूं नये. रबर उभ्या गाडींतही जुनें होतें.

आणि इंजिन दुरुस्तीला दिलें असतां कारागीर म्हणाला, “अजून मोजायचें राहिलें आहे, आणखी दोन दिवस लागतील,” तर त्याच्यावर रागावण्यापूर्वीं काय मोजावयाचें राहिलें तें विचारावें. त्यानें नीट सांगितलें तर ते दोन दिवस आनंदानें द्यावे, आणि त्यांची मजुरीही.